बापूजींचा पट्टा

सिंदेवाहीजवळच्या खेड्यातल्या बापूजींना बीपी निघालं. दंडाला बांधतात तो पट्टाच आपलं बीपी पिळून काढतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली. गोळी ते घ्यायचेच, पण रोज सकाळी बांधाबांधानं तीन किलोमीटर चालत दवाखान्यात यायचे आणि दिव्यानी सिस्टरपुढं दंड धरायचे, "आवळ बाई, चांगला आवळ!"

चार महिन्यांत बीपी उतरलं. दिव्यानीला आनंद झाला, पण सत्तरीच्या म्हाताऱ्याची पायपीट तिला बघवेना. ती स्वतःच मशीन घेऊन लुनावर त्यांच्या घरी जाऊ लागली. बापूजी खाटेवर बसल्या बसल्या पट्टा बांधून घेऊ लागले.

दोन महिन्यांत बीपी पुन्हा चढलं. बापूजी कासावीस झाले. "बाई, असं काऊन होऊन राह्यलं? गोळी तं रोज घेतो मी!"

दिव्यानीनं त्यांच्या खाटेकडं पाहिलं, मग दाराबाहेरच्या बांधाकडं, आणि तिला हसू आवरेना.

"बापूजी, हा पट्टा ढिला हाय. जोरदार पट्टा दवाखान्यातच ऱ्हायते, त्याले बाहेर काढता येत नाई. उद्यापासून तुमालेच यावं लागन!"