जे-बावीस

डॉक्टर गुरुशांत स्वतः जिना उतरून रेकॉर्ड रूममध्ये आले. त्यांची आई, पार्वतम्मा, वर आयसीयूत होती.

"अव्वाला कोणता कोड लागणार?"

बुद्धप्रियानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. पेशंटच्या निदानाला ठरलेला कोड लावणं हे तिचं काम.

"केसपेपरवर 'छातीत तीव्र इन्फेक्शन' एवढंच हाय, सर. म्हणजे जे-बावीस. कारण न दिलेलं."

"कारण मी सांगतो ना! गुडघ्याच्या ऑपरेशनला आली तेव्हा तिची छाती स्वच्छ होती. व्हेंटिलेटरवर ठेवलं, नळीची काळजी घेतली नाही, आणि न्यूमोनिया झाला. आयसीयू संगमेशकडं आहे, म्हणून त्यानं असं मोघम लिहिलंय. तू व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाचा कोड लाव. मीटिंगमध्ये उत्तर देऊ दे त्याला."

"आयसीयूच्या डॉक्टरांनी लिहिल्याबिगर मला लावता येत न्हाय. मी फक्त त्यांना विचारू शकते."

"मग विचार. आत्ता."

"विचारते की. त्याआधी एक जुनं राहिलंय." तिनं खणातून फाइल काढून त्यांच्यापुढं सरकवली. "तवा आयसीयू तुमच्याकडं होता. मी विचारलं होतं, उत्तर आलं न्हाय."

त्यांनी नाव वाचलं. पारूबाई, राहणार कुंभारी.

"कोण ही?"

"पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली होती. चालत. नंतर व्हेंटिलेटर, नंतर न्यूमोनिया. परत घरी आली न्हाय. तुमी लिहिलं, छातीत तीव्र इन्फेक्शन." तिनं नावावर बोट ठेवलं. "माझी आई."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मी मुद्दाम केलं असं वाटतं तुला?"

"मला काय वाटतं त्याला कोड न्हाय, सर."

"हे आता लिहिलं तर माझ्या नावावर चढेल."

"व्हय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर संगमेश सरांना विचारायला मला सवड कुटं हाय? लई कामं पडल्यात."

"धमकी देतेस?"

"पेन देते." तिनं दिला.

वर कुठंतरी स्ट्रेचरची चाकं खडखडली. डॉक्टरांनी एकदा छताकडं पाहिलं आणि उभ्यानंच लिहिलं: व्हेंटिलेटरमुळं झालेला न्यूमोनिया. खाली सही केली.

"आजची तारीख टाका. मागची नको."

त्यांनी टाकली. तिनं कागद स्कॅन केला, पारूबाईच्या नावापुढचं जे-बावीस खोडलं, नवा कोड भरला. सेव्ह करण्याआधी अक्षर न् अक्षर पुन्हा वाचलं.

"झालं तुझं? आता अव्वाचं."

तिनं संगमेशना प्रश्न टाईप केला, स्क्रीन डॉक्टरांकडं वळवून दाखवला आणि पाठवला.

"त्याचं उत्तर आलं की लगेच, आजच कोड लाव."

"आज कसा लावू, सर?" तिनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "पेशंट वर असंपर्यंत आमी कोड लावत न्हाय. घरी गेल्यावर लावतो, न्हायतर..."

तिनं वाक्य तसंच सोडलं. पारूबाईची फाइल बंद करून कपाटात ठेवली आणि टेबलावरची जागा हातानं पुसून घेतली.

"फाइल खाली आली की बघते. मी हितंच हाय."