चिंध्याचे सहावे पाहुणे

बारडोलीचे पाहुणे दारात चपला काढत होते आणि चिंध्या शहाण्या लेकरासारखा उंबऱ्याजवळ बसला होता. मालतीबाईला वाटलं, आज जमतंय.

"बठा, बठा," म्हणत हिलालनं पाहुण्या नवराबायकोपुढे तळहात खाली दाबला. मग मालतीबाईकडे पाहून अंगठा ओठाला लावला. पाणी आण.

तीस वर्षं त्यानं लूमच्या खडखडाटात काढली होती. तिथे घसा फोडला तरी ऐकू जात नाही, म्हणून कारागीर हातानंच बोलतात. खोड घरीही सुटली नव्हती. अंगठा ओठाला म्हणजे पाणी, मनगटावर बोट म्हणजे किती वाजले. तळहात खाली दाबला म्हणजे शेठ आला, लपा. वर उचलला म्हणजे शेठ गेला. बायकोशी तोंडानं चार शब्द बोलेल तर शपथ.

मालतीबाई पाणी घेऊन आली तोवर चिंध्या खाटेखाली. शेपूट पोटात, हाका मारल्या तरी बाहेर येईना.

"आ तो बहु बीकण छे, बेन," बारडोलीची बाई म्हणाली. "शेतावर राखणीला असला भित्रा काय कामाचा?"

चहा न घेताच ते उठले.

मालतीबाईच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. तीन महिन्यांपूर्वी कुत्र्यांच्या संस्थेतल्या योगितानं हा जीव पर्वत पाटिया भागात कापडाच्या चिंध्यांच्या ढिगातून उचलला होता. पिंजऱ्यात तो स्वतःची शेपटी चावून रक्त काढायचा. "घर मिळेपर्यंत सांभाळा, मावशी," म्हणून तिनं इथे आणून सोडला.

हिलालनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तीन महिना ऱ्हाऊ दे. पन हाई कुत्रं मना घरमा कायमनं नही."

सुरुवातीला कुकरची शिट्टी झाली तरी चिंध्या मुतायचा. मालतीबाईनं शिट्टीवर फडकं टाकलं, टीव्ही बंद ठेवला, भाकरी कुस्करून हातानं भरवली. आता तो भाजीच्या गाडीपर्यंत तिच्यासोबत जायचा. हिलाल कामावर निघण्याआधी त्याला गच्चीवर न्यायचा, तेही "घरमा घाण नको" म्हणून कुरकुरत. सगळं सुरळीत होतं, फक्त पाहुणे आले की मेहनत मातीत. सहा घरं आली, सहाही गेली.

आणि पाहुणे तरी सोयीनं बोलवावेत, तर तेही नाही. "परका लोके शेतस. मी घर ऱ्हासू तव्हयच बलाव," हे हिलालचं फर्मान. म्हणजे सगळं त्याच्या सुट्टीवर अडलेलं.

"मावशी, आता माझ्याकडे कोणी उरलं नाही," पाहुण्यांना घेऊन आलेली योगिता खाटेखाली वाकून बघत म्हणाली. "तीन महिने आज संपले. न्यावं लागेल परत."

"पिंजऱ्यात?"

योगिता साखळी घेऊन खाटेपाशी बसली.

मालतीबाईनं खसकन नवऱ्याकडे वळून पाहिलं. "आते बोला ना काही! तीन महिना मी ह्या जीवले माणसात आनं, आनि तुमी नुसता खुर्चीवर बठेल. त्यानी शेपटी परत रगतबंबाळ व्हई ना, ते तुमनामुळे व्हई!"

हिलालनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला, बारडोलीवाले निघाले.

"कोनी लेतच नही त्याले," तो शेवटी वैतागून म्हणाला. "मंग काय करवो? गयामा पडनंच हाई लोढणं. आन तो कागद."

"काका, दत्तक घेता?" योगितानं पिशवीतून फॉर्म काढला. "कायमचं असतं हं. नंतर परत नाही."

"आन म्हनस ना!"

त्यानं सही केली, तीही असं तोंड करून, जणू दंडाची पावती फाडतोय. योगिता हसत हसत जिना उतरली. मालतीबाई पदरानं डोळे पुसत पेले उचलू लागली. एवढा चांगुलपणा करतानाही ह्या माणसाला गोड बोलता येत नाही, याचा तिला रागच आला.

पेले घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली आणि सहज मागे वळली. हिलाल दाराबाहेर मान काढून जिना मोकळा झाल्याची खात्री करून घेत होता. मग तो खाटेकडे वळला आणि त्यानं तळहात अलगद वर उचलला.

चिंध्या बाहेर आला आणि ऐसपैस आळस देऊन शेपटी हलवत त्याच्या पायाशी बसला.