सोंगट्यांची पिशवी

आमच्या ह्यांचे शब्द हरवायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी अक्षरांचा खेळ सुचवला. पिशवीत हात घालून इंग्रजी अक्षरांच्या सात सोंगट्या काढायच्या आणि त्यांतून, हवं तर पटावरच्या अक्षराला जोडून, होईल तितका लांब शब्द लावायचा. छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासण्यात ह्यांचा जन्म गेला, पण आता साधं 'कॅट' जुळवतानाही रडकुंडीला यायचे. मी म्हणायचे, "असू द्या. सावकाश आठवा."

आज दुपारी मात्र ह्यांनी पटावरच्या एका अक्षराला सातही सोंगट्या जोडून 'अंब्रेला' लावला. कालपर्यंत छत्रीला 'ती पावसातली काठी' म्हणत होते! पाठोपाठ 'एलिफंट'. मला हसू आवरेना.

"अहो, कसं काय सुचतंय?"

"मी कुठे शोधतोय? आतून कुणीतरी हातात देतं."

"कोण देतं?"

त्यांनी पिशवी माझ्यापुढे सरकवली. "तूच बघ."

मी हात घातला. सोंगट्या लागल्याच नाहीत. लागला एक तळहात. गार, काहीतरी मागत असल्यासारखा पसरलेला. त्यानं माझी बोटं एकेक करून अलगद चाचपली आणि सोडून दिली.

मी झटकन हात बाहेर काढला. "अहो, त्या... त्या ह्याच्यात कुणीतरी आहे!"

"कशात?"

मी बोट दाखवलं. ते कापडाचं होतं, त्याला नाडी होती, त्यात हात घालायचा असतो. तोंड उघडलं, पण नाव काही येईना.

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा स्वच्छ आला.

"असू दे," ते म्हणाले. "सावकाश आठव."