बारावी चूल

दौलतराव एकेका दाराशी थांबून मोजत होते. खोलीत डोकवायचे, चूल पेटलीय ना ते बघायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे. सात झाल्या. यशोदाबाई दोन हात अंतर ठेवून त्यांच्यामागून चालत होती, पण तिचा जीव शेवटच्या, बाराव्या खोलीत अडकला होता. मारुतरावचं बिऱ्हाड अजून आलं नव्हतं.

पिंपरीत औषधांची कंपनी सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. गावोगावची माणसं कामाला आली आणि मिळेल त्या गोठ्यात, पडवीत भाड्यानं राहू लागली. माण तालुक्यातून गवंडीकामाला आलेल्या यशोदाबाईच्या नवऱ्यानं, मालोजीनं ते बघितलं. त्यानं दौलतरावांचा माळ करारानं घेतला आणि बारा खोल्यांची चाळ बांधायला काढली. करार दौलतरावांनी स्वतः सांगून लिहवून घेतला होता. दसऱ्याच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत बारा खोल्यांत बारा बिऱ्हाडांच्या चुली पेटल्या पाहिजेत. एक जरी कमी पडली, तर माळ परत आणि वर उभं असेल ते बांधकामही दौलतरावांचं.

भिंती पुऱ्या झाल्या आणि मालोजी परांचीवरून पडून गेला. त्याला आता दीड महिना झाला होता. कौलांच्या व्यापाऱ्यानं यशोदाबाईला पायरीवरूनच परत पाठवलं. "बाई, आमचा व्यवहार पुरुषमाणसाशी," म्हणाला. गवंडी एकेक करून दुसरीकडे गेले. छप्पर चढलंच नाही. दौलतराव दर आठ दिवसांनी माळावर यायचे आणि आपल्याच मालकीच्या असल्यासारखा त्या भिंतींवरून हात फिरवून जायचे.

यशोदाबाईला वाचता येत नव्हतं. पण करार झाला त्या दिवशी मालोजीनं तो तिला दोनदा वाचून दाखवला होता आणि तिला तो पाठ होता. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ती रोज कंपनीच्या फाटकाशी उभी राहिली. खोली सांगून ठेवलेल्या एकेकाला तिनं शिफ्ट सुटताना गाठलं. पुरुष मान हलवून निघून जात, म्हणून मग ती त्यांच्या बायकांना जाऊन भेटली. "छपराचं माझ्याकडं लागलं," ती म्हणायची. "दसऱ्याला तेवढी चूल माझ्या भिंतीत मांडा."

"नऊ," दौलतराव म्हणाले.

देहूच्या अंगानं आभाळ भरून आलं होतं. वारा सुटला होता. नवव्या खोलीतल्या बाईनं विस्तवावर परात आडवी धरली होती.

"वैनी, यष्टी जाईल आपली," मागून हिंदुराव हळूच म्हणाला. हा तिचा धाकटा दीर. तिला गावी न्यायला आला होता. भावाचा शब्द राखायचा, मग चाळ कुणाच्या तरी गळ्यात घालायची आणि वहिनीनं गावी आपल्या घरात राहायचं, असं त्यानंच ठरवलं होतं. तीही हो म्हणाली होती.

अकराव्या खोलीत गोजाबाईची भाकरी तव्यावर होती. दौलतरावांनी ती बघितली आणि पुढं झाले. बारावी खोली रिकामी होती. कोपऱ्यात चुन्याचा ढीग आणि फुटक्या विटा.

"हितं कोन येनार हाय?"

"मारुतराव."

"तो न्हाई यायचा," दौलतराव शांतपणे म्हणाले. "माज्याच गोठ्यात ऱ्हातोय तो."

बायामाणसं दारात येऊन उभी राहिली. दौलतरावांनी मावळतीकडे बघितलं. ढगाच्या कडेला अजून उजेड होता.

"छपरावरून मी तुला अडवलं न्हाई, बाई. कागदात छपराचं नाव न्हाई, ही माजीच चूक. पर बारा म्हंजे बारा."

यशोदाबाई आत गेली. तिनं तीन विटा ओढून मांडल्या आणि बांबूच्या ढलप्या गोळा केल्या. काय चाललंय ते गोजाबाईला आधी उमगलं. तिनं आपल्या चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि पिठाची परात दुसऱ्या हाताला घेऊन ती आली.

हिंदुराव दारात आडवा आला. "वैनी, दादाचं वर्स व्हायचं हाय अजून. या दिवसांत नव्या घरात चूल मांडतात व्हय? लोक काय म्हनतील?"

"भावजी, बाजूला व्हा. वारा कोंडतोय."

तो बाजूला झाला. ढलप्यांनी पेट घेतला. तिनं गोजाबाईचाच तवा मागून घेतला आणि भाकरी थापायला बसली. तव्यावर पावसाचे दोन थेंब पडून चर्र झाले.

दौलतराव उंबऱ्यापर्यंत आले. "तू तर गावी निघालीस. मंग हे बिऱ्हाड कुनाचं?"

यशोदाबाईनं दिराकडे बघितलं नाही.

"माजं," ती म्हणाली.

दौलतरावांनी खिशातून कागद काढला. उघडला, वाचला, परत घडी केली. आता मावळतीचा उजेडही विझत आला होता. ते जायला निघाले आणि चार पावलांवर थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"पाऊस येतोय, बाई. डोक्यावर काय न्हाई. फुडं काय करनार?"

यशोदाबाईनं भाकरी उलटली.

"छपराचं मी बघते. तुमची वढ्याकडची पड जमीन हाय न्हवं, ती कुनाला द्यायची झाली तर आदी मला इचारा."