झीज

प्लॅस्टिकचे बारीक कण पोटात जातात, हे मोबाइलवर वाचल्यापासून सासरेबुवांनी घर डोक्यावर घेतलं होतं. बरण्या, डबे, माझा निम्मा संसार भंगारात गेला. नातीची पाण्याची बाटलीही त्यांनी तिच्या हातातून काढून घेतली. ती भोकाड पसरून रडली, तर म्हणाले, "रडू दे. माझ्या वयापर्यंत जगायचंय ना तिला?"

काल घास चावता येईना, म्हणून मी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कवळी काढून उजेडात धरली.

"काका, दात पार सपाट झालेत हो. इतकी वर्षं चावून झिजणारच, शेवटी प्लॅस्टिकच ते."

सासरेबुवा कवळीकडे बघतच राहिले. मग बोळक्या तोंडाने त्यांनी विचारलं, "झिजलेलं गेलं कुठे?"

"कुठे जाणार? पोटात."

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना ते खाली बघत म्हणाले,

"सूनबाई, पोरीची ती बाटली कुठल्या रंगाची होती गं?"