आरशातली बाई

शिकागोच्या विद्यापीठात मृणाल केतकरने विटेसारखं घट्ट झालेलं जुन्या फिल्मचं रीळ यंत्रात ठेवलं. ते न उलगडताच यंत्र आतली चित्रं वाचू लागलं. कृष्णवर्णीयांनी शंभर वर्षांपूर्वी काढलेला तो मूकपट पाहायला नव्वदीच्या ओडेसा प्रिंगल आल्या होत्या. रीळ त्यांच्याच माळ्यावर सापडलं होतं.

पडद्यावर केस विंचरणारी नवरी उमटली. तिच्या आरशात कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारी बाई दिसली.

“थांबव गं! ही माझी आत्या,” ओडेसा ओरडल्या. “सिनेमा मीच काढला, म्हणायची. आम्ही हसायचो.”

“आम्ही अभ्यासकही कुणा पुरुषाचंच नाव शोधत बसलो,” मृणाल म्हणाली. “दिग्दर्शक म्हणून काय नाव लिहू?”

“हेस्टर प्रिंगल.”

मग ओडेसा पडद्याजवळ गेल्या. “चुकलं गं माझं, आत्या,” त्या म्हणाल्या. “आता तुझा सिनेमा कॉलेजात शिकवतील.”