चंद्रावरच्या दाराला ठोका

शिरोलीच्या फाउंड्रीत बसून आण्णाप्पा चौगुले चंद्रावर ओतकाम करत होता. त्याच्या हातांत मोजे होते. तो जे करील तेच तिकडचे यंत्राचे हात सव्वा सेकंदानं करायचे, आणि तिकडचा स्पर्श परत त्याच्या बोटांत यायचा.

आज तिथल्या वस्तीचं दार ओतून निघालं होतं. त्या दाराच्या भरवशावर आत बारा माणसं श्वास घेणार होती. आणि नेमकं तपासणीचं यंत्र बंद पडलं.

"हातोडी मारून बघतो," आण्णाप्पा म्हणाला. ओतीव माल खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर आत भेग, हे त्याला बापानं शिकवलेलं.

इंजिनिअर मृदुलानं पाटीवर लिहून दाखवलं, 'तिथे हवा नाही. आवाज कसा येणार?'

तो हसला. "मॅडम, ग्राइंडरनं माझे कान जाऊन वीस वर्षं झाली. मला हितं तरी कुठं आवाज येतोय?"

डावा तळवा दारावर टेकवून त्यानं उजव्या हातानं ठोका मारला. कपाळाला आठी पडली. "खालच्या कोपऱ्यात बद्द वाजतंय. वितळवा परत."

चार दिवसांनी दुसरं दार निघालं. आण्णाप्पानं तळवा टेकवून ठोका मारला. मग डावा मोजा काढून त्यानं मृदुलाच्या हातात चढवला आणि पुन्हा ठोका मारला.

थरथर तिच्या तळव्यातून कोपरापर्यंत चढली आणि थांबेचना.

"हवाच न्हाई तिथं," आण्णाप्पा म्हणाला. "त्या नादाला गप कोण बसवणार?"